घाट कुणाच्या जिवावर

गाडी चालवणाऱ्याला काय दाखवायचं आणि काय नाही, हे कारखान्यात ठरतं. वेग दाखवतात, पेट्रोल दाखवतात, इंजिनातल्या पाण्याचं तापमानही काट्याने दाखवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल किती तापलंय, हे मात्र सहसा दाखवत नाहीत. माझ्याकडच्या १९९८ सालच्या टोयोटा फोररनरमध्ये त्यासाठी एक इवलासा दिवा आहे. तो लागतो तेल साधारण १५० अंश सेल्सिअसला पोचल्यावर. मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा, की ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना या तेलाचं आयुष्य निम्मं होतं. हिशेब मांडून बघा. जे तेल एरवी लाखभर मैल टिकलं असतं, ते दिवा लागण्याच्या तापमानाला दीड हजार मैलही धड टिकत नाही. असा दिवा असण्यापेक्षा नसलेला बरा, असं माझं मत झालंय. नसला तर माणूस निदान त्याच्या भरवशावर तरी राहत नाही.

मी राहते दक्षिण कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला. इथल्या आपल्या मंडळींचा वाळवंटाशी संबंध येतो तो बहुधा भारतातून आलेल्या पाहुण्यांना लास वेगास दाखवण्यापुरता. त्या वाटेवर बेकर नावाचं छोटं गाव लागतं आणि तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. १३४ च का, तर १० जुलै १९१३ रोजी जवळच्या डेथ व्हॅलीत, फर्नेस क्रीकला, १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. पाहुण्यांचे फोटो होतात. गाव सुटलं की हॅलोरन समिटचा लांबलचक चढ सुरू होतो आणि रस्त्याकडेची पाटी सांगते, पुढचे काही मैल एसी बंद ठेवा, इंजिन तापेल. पाहुणे हसतात. एवढी मोठी अमेरिका आणि गाडीला एसी सोसत नाही! चिपळूणहून वर येणारा कुंभार्लीचा घाट ज्यांनी एसटीने चढलाय, ते हसत नाहीत.

मला वेगासचं फारसं कौतुक नाही. मी बेकरला डावीकडे वळते. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. दरीतून पश्चिमेला बाहेर पडायचं तर स्टोव्हपाइप वेल्सपासून टाउन पासवर चढावं लागतं. सुमारे २७ किलोमीटरमध्ये जवळजवळ १,५०० मीटर. एवढी चढाई आमच्या कुंभार्लीला नाही, पण कुंभार्ली निदान खरं बोलतो. वळण आलं, दरी दिसली, की चढतोय हे पोटात कळतं. टाउन पासचा रस्ता बराचसा सरळ आणि रुंद, दोन्हीकडे उघडा माळ. डोळ्याला सपाट वाटतो आणि गाडी मात्र दमत असते. या रस्त्यावर रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पाण्याची सोय केली, कारण पाणी उकळलेलं दिसतं. वाफ येते, बॉनेट उघडावं लागतं, चारचौघांत शोभा होते. तेल तापल्याचं कुणालाच दिसत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पाटबंधारे खात्यात जीपवर होते. कोयनेच्या बाजूला, पाटण, हेळवाक, आणि खाली चिपळूण. साहेब मागे, अण्णा पुढे. चढावर त्यांचा डावा पाय क्लचवर आणि कान इंजिनावर असे. समोर ट्रक अडला की हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा, हा त्यांचा नियम. जे धरतात त्यांच्या गाडीतून जळका वास येतो आणि महिन्याभरात प्लेट बदलावी लागते. वास आला की ते त्या चालकाकडे अशा नजरेने बघत, जणू त्याने गुरांना मारलंय. मी फोररनर घेतली तेव्हा त्यांना फोनवर सगळं सांगितलं. फोर बाय फोर आहे, सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ऑटोमॅटिक आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘क्लचच नाही? मग घाट कुणाच्या जिवावर चढते ती?’

प्रश्न चेष्टेने विचारलेला नव्हता. उतारावरून किंवा चढावरून जड वस्तू न्यायची तर कुणाला तरी झिजावं लागतं, हे त्यांना नोकरीभर डाव्या गुडघ्याने शिकवलं होतं. मी तेव्हा ‘अण्णा, त्यात आपोआप होतं सगळं’ असलं काहीतरी म्हणाले. आपोआप काहीच होत नसतं. उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली आणि ते सापडलं टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भांड्यात.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हे भोपळ्याएवढं पोलादी भांडं असतं, तेलाने भरलेलं. आत समोरासमोर दोन पाती. एक इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला, आणि दोघांत लोखंडाचा काही संबंध नाही. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचंही पातं फिरू लागतं, तसं हे काम चालतं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. मधे आणखी एक पातं असतं, ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेला वळवून जोर वाढवतं. ही कल्पना मुळात मोटारीसाठी निघालीच नव्हती. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते जहाजासाठी, वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या पंख्याला देता यावी म्हणून. मोटारीत तेलातून ताकद देण्याची सोय घराघरांत पोचली ती अमेरिकेत, १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांपासून. डाव्या पायाची सुटका झाली.

पण झीज कुठे गेली? सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते, इंजिन बंद पडत नाही, हिसका बसत नाही, चढावर मागे सरकत नाही. हे सगळं सुख या दोन पात्यांच्या वेगातल्या फरकाचं आहे. एक जोरात फिरतं, दुसरं सावकाश, आणि मधलं तेल घुसळलं जातं. तो फरक जितका मोठा तितकी इंजिनाची ताकद रस्त्यावर न पोचता तेलात उष्णता होऊन राहते. मोकळ्या महामार्गावर, वरच्या गिअरमध्ये, ठराविक वेगाच्या पुढे आत एक छोटा क्लच लागतो आणि दोन्ही पाती एकत्र बांधली जातात. मग ताप जवळजवळ थांबतो. चढावर, वाळूत, मागे ट्रेलर असताना, दगडांतून माणसाच्या चालीने जाताना तो क्लच बहुधा लागत नाही. म्हणजे जिथे गाडीला सगळ्यात जास्त कष्ट, नेमकं तिथेच तेलाला सगळ्यात जास्त ताप. अण्णांचा पाय जे सोसत होता ते इथे तेल सोसतं. हे मी त्यांना पुन्हा फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘मग तेलाकडे बघत जा की. नुसतं पेट्रोल काय भरतेस!’

तेलाकडे बघणं म्हणजे काय, हे मला शेजारच्या आजोबांनी दाखवलं. मूळचे मेक्सिकोचे, ट्रकच्या गॅरेजात उमेदीची वर्षं गेलेली, आता निवृत्त. मला ‘मिहा’ म्हणतात, पोरी. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली, पांढऱ्या कागदावर टेकवली आणि कागद उन्हात धरला. हे तेल मुद्दाम लाल रंगाचं करतात, गळालं तर इंजिनच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून. ताजं तेल डाळिंबी लाल. भाजलं की तपकिरी होतं आणि करपलेल्या पावाचा वास येतो. माझं तपकिरीकडे झुकलं होतं, वास अजून नव्हता. ‘म्हणजे आपण वेळेवर आलोय,’ आजोबा म्हणाले.

या तेलावर एक स्वतंत्र लेख होईल. त्याला वंगणही व्हायचं असतं आणि पकडही सोडायची नसते, म्हणजे एकाच वेळी निसरडं आणि न निसरडं. ते साधण्यासाठी सुरुवातीच्या दशकांत त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाचा अंश घालत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने त्या तेलावर बंदी घातली आणि रसायनवाल्यांना त्याच्या तोडीचं काही शोधताना घाम फुटला. डेट्रॉइटच्या गाड्या गुळगुळीत चालाव्यात म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते, हे वाचल्यावर मी काही वेळ गाडीकडे निराळ्या नजरेने पाहिलं. शिवाय हे तेल ज्यांच्यावर काम करतं त्या आतल्या क्लचच्या चकत्यांवर अस्तर असतं कागदाचं. खरोखरच कागदाचं, लाकडाच्या किंवा कापसाच्या धाग्यांपासून केलेलं, राळेत मुरवलेलं आणि गोंदाने पोलादाला चिकटवलेलं. सामानासकट दोन टनांपुढे जाणारी माझी गाडी टाउन पास चढते ती तेलात भिजलेल्या कागदाच्या भरवशावर. तेल करपलं की कागद करपतो. तेलात पाणी गेलं तर गोंद सुटतो.

आणि पाणी जाऊ शकतं. कारखान्याने तेल थंड करण्याची सोय केलेली असतेच, ती रेडिएटरच्या पोटात. गिअरबॉक्समधून एक नळी येते, रेडिएटरच्या टाकीत बुडवलेल्या छोट्या कूलरमधून जाते, दुसरी नळी परत. व्यवस्था हुशारीची आहे. थंडीत सकाळी इंजिनाचं पाणी लवकर तापतं आणि तेलालाही ऊब देतं, उन्हात पाणी तेलाचा ताप ओढून घेतं. पण मर्यादा उघड आहे. ज्या पाण्यात तेलाला निवायचं ते पाणीच चढावर तापलेलं असतं, आणि तेलाचा ताप त्याच पाण्यात ओतला म्हणून इंजिनाचं ओझं वाढतं ते वेगळंच. दुसरी गोष्ट जास्त वाईट. रेडिएटर म्हातारा झाला आणि आतली भिंत फुटली, की कूलंट तेलात आणि तेल कूलंटमध्ये. टाकीचं झाकण उघडल्यावर आत गुलाबी मस्तानीसारखं काहीतरी दिसतं. ते दिसलं तेव्हा गिअरबॉक्स बहुधा गेलेला असतो. हे एका कंपनीचं दुखणं नाही, रेडिएटरच्या पोटात कूलर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला हे होऊ शकतं.

मग कंपन्यांना हे कळत नव्हतं का? गाड्या जुन्या झाल्या की लोक बनवणाऱ्यांना शिव्या घालतात, ते मला पटत नाही. बाजारात यायच्या आधीच्या गाड्या, अंगावर नक्षीचे पट्टे चिकटवून ओळख लपवलेल्या, भर उन्हाळ्यात डेथ व्हॅलीतच तपासतात. ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेसाठी अमेरिकेत २००८ मध्ये जे प्रमाण ठरलं, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ पायाभूत धरलाय. सुमारे ११ मैल, बाहेर किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजन, आणि गाडीचा वेग ठरलेल्या मर्यादेखाली जायचा नाही. बेकरची पाटी एसी बंद करायला सांगते आणि ही परीक्षा चालू ठेवायला सांगते, म्हणजे अभियंते भित्रे नाहीत. फक्त परीक्षेला बसलेली गाडी नवी असते. तिच्या रेडिएटरच्या जाळीत पंचवीस वर्षांची माती आणि किडे नसतात, तेल डाळिंबी असतं, कागद कोरा असतो. त्यांनी पहिल्या मालकाचा विचार केला, आणि तो चोख केला. त्यानंतर गाडी ज्यांच्या हाती येते त्यांची जबाबदारी त्यांनी का घ्यावी? तिसऱ्या मालकाला चौथ्या डोंगरावर जायचंय, हे त्यांना कोण सांगायला गेलं होतं!

तर मी वेगळा कूलर बसवायचं ठरवलं. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात नागमोडी नळी आणि तिच्यावर पत्र्याचे पंख. हा स्वस्त. दुसऱ्यात चपट्या पोकळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या. तेवढ्याच जागेत हा बराच जास्त ताप काढतो आणि रस्त्यावरच्या दगडालाही पुरून उरतो. मी दुसरा घेतला. आजोबांचं म्हणणं होतं की रेडिएटरला वाटेतून काढूनच टाक, तेल सरळ नव्या कूलरला जाऊ दे, मग मस्तानी होण्याची भीतीच नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. रिव्हरसाइडला बर्फ पडत नाही. पण मी हिवाळ्यात सिएराच्या पूर्वेला, बिशपच्या वर, जाते. तिथे पहाटे तेल फार गार राहिलं तर गिअर आळसावून पडतात आणि तेलातला दमटपणा उडून जात नाही. आमचा वाद दोन दिवस चालला. शेवटी जुना रेडिएटर काढून नवा टाकायचा आणि तेल आधी त्यातून, मग नव्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सला, असं ठरलं. आजोबांनी मान्य केलं असं मी म्हणते. ते म्हणतात, त्यांनी नाद सोडला.

काम अवघड नाही, किचकट आहे. पुढची जाळी काढली की एसीचा कंडेन्सर दिसतो. त्याच्यापुढे बोटभर अंतर सोडून कूलर उभा करायचा. बरोबर प्लास्टिकच्या काड्या येतात, त्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार ओवायच्या आणि कूलर लटकवायचा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आजोबांनी त्या काड्या उचलून कचऱ्यात टाकल्या. गाडी हादरते, काडी घासते, आणि दोन वर्षांत कंडेन्सरला भोक. आम्ही पत्र्याच्या पट्ट्या कापून, भोकं पाडून, चौकटीला बोल्ट मारले. मग प्रश्न, परतीची नळी कोणती? दोन्ही सारख्याच दिसतात. खाली परात ठेवून जोड सोडायचा, एकाने क्षणभर इंजिन चालू करून लगेच बंद करायचं, दुसऱ्याने तेल रेडिएटरच्या तोंडातून येतंय की नळीतून, ते बघायचं. रेडिएटरच्या तोंडातून आलं तर ती परतीची बाजू. पाचव्या मिनिटाला माझ्या हाताला लाल तेल लागलं होतं आणि पलीकडची एक बाई काय झालं म्हणून धावत आली होती.

रबरी होज मात्र बघून घ्यावा. गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेलाच हवा. साधा पाण्याचा होज बसतो, घट्टही वाटतो, आणि गरम तेलाने काही महिन्यांत मऊ पडतो किंवा तडकतो. तो डोंगरात फुटला तर मिनिट-दोन मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा. म्हणजे ज्या भीतीने कूलर बसवला तीच आपण विकत घेतली. कूलर न बसवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हाच सगळ्यात दमदार मुद्दा आहे: जितके जोड वाढले तितक्या गळण्याच्या जागा वाढल्या. त्याला उत्तर एवढंच, की क्लॅम्प चांगल्या दर्जाचे घ्यावेत, गाडी चांगली तापवून निवल्यावर पुन्हा आवळावेत, आणि होज कुठे धारदार पत्र्यावर टेकत नाही ना ते बोटांनी चाचपावं. मग तेल भरायचं, इंजिन चालू ठेवून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून सावकाश फिरवून परत पार्कवर आणायचा आणि तेल तापल्यावरच डिपस्टिक बघायची. थंड तेलाचं माप खोटं असतं.

मी एक जास्तीची गोष्ट केली. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या नळीत तापमानाचा सेन्सर घालून डॅशबोर्डखाली एक काटा बसवला, आणि तो कूलरच्या आधीच बसवला. त्यामुळे जुन्या व्यवस्थेत टाउन पास चढताना काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं. उन्हाळ्यात, सामान भरून, वरच्या टप्प्यात काटा १२० च्या पुढे जायचा. पाण्याचा काटा तेव्हा मधोमध, ढिम्म. दिवा अर्थातच बंद. आता तोच चढ, तसंच ऊन, आणि तेल ९५ च्या आसपास. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करून चढले तर आणखी खाली. वेग वाढला नाही, ताकद वाढली नाही, पेट्रोल वाचलं नाही. शेजारी बसलेल्याला गाडीत काही बदललंय हे सांगूनही कळत नाही.

दगडांच्या वाटेवर, डेथ व्हॅलीच्याच परिसरातल्या मेंगल पासच्या बाजूला, कूलरचं कौतुक थोडं कमी होतं. तिथे गाडी चालते माणसाच्या वेगाने, समोरून वारा नाही, इंजिनाचा पंखा ओढेल तेवढीच हवा. अशा जागी तेलाला खरा दिलासा मिळतो तो लो-रेंजने. त्याचा दांडा ओढला की गिअर अडीच पटींनी खाली येतात, इंजिन मोकळं फिरतं, पात्यांमधला फरक कमी होतो आणि काटा डोळ्यांदेखत उतरतो. फोर बाय फोर घेऊन दांड्याला हात न लावणारे पुष्कळ आहेत; चिखल असेल तरच ओढायचा असतो, अशी त्यांची समजूत. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं. जड चढाला लहान गिअर, यात नवीन काय?

आता लोक विचारतात, आम्हीही बसवावा का? घर ते ऑफिस गाडी असेल तर मुळीच नको, तेल वेळेवर बदललंत तरी पुष्कळ. ट्रेलर ओढत असाल, वाळवंटात किंवा डोंगरात जात असाल आणि गाडीने वीस वर्षं ओलांडली असतील, तर बसवा. पण कूलर आणि नवा रेडिएटर या दोघांपैकी एकाचेच पैसे खिशात असतील, तर आधी रेडिएटर बदला.